"पार्किंग गेली तर मेन रोड मरेल" या मेसेजला एका मेन रोडवाल्याचं उत्तर

गेल्या आठ-दहा दिवसांपासून आमच्या गावातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला आहे, व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर, वॉर्डाच्या ग्रुपवर, पोरांच्या शाळेच्या ग्रुपवर, आणि काल तर भजनी मंडळाच्या ग्रुपवरही आला. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, "पार्किंग गेली तर मेन रोड मरेल, प्रत्येक व्यापाऱ्यापर्यंत पोहोचवा." पहिल्या दिवशी मीही तो दोन ग्रुपवर पाठवला होता. आता तो मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर लिहितो, कारण मेसेजमधली एकेक ओळ लोक आता खरी धरून बोलून राहिले आहेत.

गावाचं नाव लिहीत नाही. यवतमाळ, वाशिम, अमरावतीकडचं कोणतंही तालुक्याचं गाव डोळ्यासमोर आणा, हाच रस्ता दिसेल. एका टोकाला एसटीचं बसस्टँड, दुसऱ्या टोकाला गांधी चौक, मधात दोन्ही बाजूनं दुकानं, दुकानापुढं नाली, नालीवर फरशी, आणि फरशीपासून पुढं गाड्याच गाड्या. नगरपरिषदेनं प्रस्ताव मांडला की या पट्ट्यात सकाळी १० ते रात्री ८ फोर-व्हीलर उभी करायची नाही, टू-व्हीलर एकाच बाजूनं लावायच्या, सम तारखेला एक बाजू न विषम तारखेला दुसरी, म्हणजे ते पी-१ पी-२ वालं, मालाच्या गाड्यांनी सकाळी १० च्या आत माल उतरवून घ्यायचा, आणि फोर-व्हीलरसाठी आठवडी बाजाराचं मैदान मोकळं ठेवायचं. बाजाराच्या दिवशी मैदान भरलेलं असते म्हणून त्या दिवशी बाजार समितीचं जुनं आवार वापरायचं. मैदानात पैसे घ्यायचे नाहीत. हरकती-सूचना द्यायला महिनाभराची मुदत दिली आहे. एवढाच प्रस्ताव आहे, रस्ता बंद वगैरे काही होऊन नाही राहिला.

मेसेज म्हणतो: गिऱ्हाईक गाडीनं येते, गाडी लावायला जागा नसली तर गिऱ्हाईक येणार नाही.

आधी "गाडी" हा शब्दच पाहू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होते. आपल्याकडं कास्तकार "गाडीनं आलो" म्हणतो तेव्हा तो मोटारसायकलनं आलेला असतो. फोर-व्हीलर असली तर तो सरळ फोर-व्हीलर म्हणतो, नाहीतर कारचं नाव घेतो. मेसेज लिहिणाऱ्यानं "गाडी" लिहिलं आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटलं की आपल्या मोटारसायकलवालं गिऱ्हाईक बंद होऊन राहिलं. पण टू-व्हीलर बंद नाहीच ना, ती एका बाजूनं राहणारच आहे. बंद होऊन राहिली ती फोर-व्हीलर.

मग फोर-व्हीलरनं किती लोक येतात? २०११ च्या जनगणनेत देशाच्या ग्रामीण भागात शंभरातल्या जेमतेम २.३ घरांकडं कार, जीप किंवा व्हॅन होती आणि १४.३ घरांकडं टू-व्हीलर. आकडा जुना आहे, त्यानंतर मोटारसायकली तर घरोघरी झाल्या, पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतसुद्धा शहर-खेडं सगळं धरून कार असलेली घरं शंभरात आठच्याच आसपास निघाली, आणि खेड्यांत त्याहून कमी. म्हणजे ज्याच्यासाठी आपण अख्खा मेन रोड दोन्ही बाजूनं राखून ठेवला ती माणसं शंभरात फार तर सात-आठ. बाकीचे एसटीनं येतात, ऑटोनं येतात, काळी-पिवळीत कोंबून येतात, मोटारसायकलवर तिघं बसून येतात, आणि गावातले पायी येतात. १७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्याच्या आधी ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या वरच्या म्हाताऱ्यांना फुकट झालं, तेव्हापासून तर दुपारच्या गाडीतून उतरणाऱ्या बायांची संख्या मी डोळ्यानं वाढलेली पाहिली. पहिले माझ्या भांड्याच्या दुकानात घरचा माणूस एकटा यायचा आणि घरून सांगितलेला गंज, म्हणजे पातेलं, नाहीतर परात घेऊन जायचा, पसंत नाही पडली तर आठ दिवसांनी वापस आणायचा. आता बाई स्वतः येते, वाजवून पाहते, बूड पाहते, आणि एकाच्या जागी दोन वस्तू नेते. ही बाई कोणती गाडी लावणार आहे?

आता माझ्या दारातलं सांगतो. हे भांड्याचं दुकान वडिलांनी टाकलेलं, मी त्या गादीवर तीस वर्षांपासून बसतो. मागच्या महिन्यात एका सोमवारी मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं, की माझा गाळा आणि बाजूचे तीन गाळे यांच्यासमोर कोणती फोर-व्हीलर किती वेळ उभी होती. पहिली माझीच, सकाळी साडेनऊला लावलेली, रात्री आठला काढली. दुसरी बाजूच्या कापड दुकानवाल्या भाऊंची, तीही तशीच. तिसरी एका साहेबांची, ते सकाळी गाडी इथं लावतात, बसस्टँडवर जातात, एसटीनं जिल्ह्याला ड्युटीवर जातात आणि संध्याकाळी येऊन गाडी घेऊन जातात. चौथी वरच्या मजल्यावरच्या ऑफिसातल्यांची. या चार गाड्या दिवसभर हलल्या नाहीत. गिऱ्हाइकाच्या फोर-व्हीलर दिवसभरात दोन आल्या. एकानं कुकरचं रबर घेतलं, गाडी लावायला जागाच नव्हती म्हणून मधात रस्त्यावर चालू ठेवून उतरला, मागून ट्रॅव्हल्सवाल्यानं हॉर्न मारून मारून डोकं उठवलं आणि तो बिचारा उरलेले पैसे न मोजता पळाला. दुसरा चौकापर्यंत जाऊन दोन चकरा मारून वापस गेला, मला हात दाखवून गेला म्हणून कळलं की तो माझ्याकडंच आला होता.

म्हणजे ज्या पार्किंगच्या नावानं मेसेज रडून राहिला ती गिऱ्हाइकाला मिळतच नाही, ती आम्ही दुकानदारांनी स्वतःच खाऊन टाकली आहे. हे लिहायला मला अवघड वाटते, बाजूचे भाऊ वाचतील तेही माहीत आहे, पण खरं आहे ते आहे.

साधा हिशोब करा. चार मीटरच्या आतली छोटी कार धरली तरी तिची लांबी तेरा फूट. नगरपरिषदेचा गाळा दहा फुटाचा. म्हणजे एक कार उभी केली की एक अख्खं दुकान झाकलं आणि शेजारच्याचं तीन फूट वरून गेलं. तेवढ्याच लांबीत आडव्या लावल्या तर चार-पाच मोटारसायकली बसतात. प्रत्येक मोटारसायकलवाला वीस-पंचवीस मिनिटं थांबला आणि गेला तर दहा तासांत त्याच जागेवर शंभरच्या वर लोक येऊन जाऊ शकतात. माझी कार तिथं दहा तास उभी राहिली तर शून्य, कारण माझ्या कारमधून मीच उतरतो. जागा किती आहे याच्यापेक्षा ती फिरते किती, दुकानाला त्याचा फरक पडते. अमेरिकेत डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते, २०२५ मध्ये वारले, त्यांनी अख्खं आयुष्य पार्किंग या एकाच विषयावर घालवलं. त्यांचं म्हणणं असं की रस्त्याच्या कडेची जागा कधीच शंभर टक्के भरू देऊ नका, ८५ टक्क्यांच्या आसपास ठेवा, म्हणजे येणाऱ्याला कुठंतरी एखादी जागा खाली सापडते आणि तो चकरा मारत नाही. फुकटात दिवसभर उभं राहू दिलं तर सकाळी सगळ्यात पहिले येणारा ती जागा घेऊन बसतो, आणि सकाळी सगळ्यात पहिले कोण येते? शटर उघडणारा.

आणि एक गोष्ट दाराच्या आतून सांगतो. भांड्याच्या दुकानाची अर्धी जाहिरात म्हणजे दारात लटकवलेले गंज, गुंड म्हणजे पाण्याची मोठी भांडी, पितळी घागरी. ऊन पडलं की त्या चमकतात आणि रस्त्यापलीकडचं माणूस तिकडून पाहून येते. माझ्या वडिलांनी त्यासाठी लोखंडी आकडे ठोकले होते, अजून आहेत. त्या आकड्यांसमोर मी स्वतःची कार उभी करत होतो.

बाजाराच्या दिवशी, शुक्रवारी, एक म्हातारी आजी आली, डोक्यावर चुंगडी, हातात थैली, सोबत नात. नातीच्या लग्नाचा गुंड पाहिजे होता. माझी कार आणि शेजारच्या भाऊंची कार यांच्या मधात वीतभर जागा, ती तिथून आडवी होऊन निघायला गेली आणि तिचं लुगडं बंपरात अडकून टर्रकन फाटलं. मी उठून गेलो, नोकरानं चुंगडी धरली. आजी चिडली नाही, तिनं फक्त पदर सावरला आणि म्हणाली, "काय बाप्पा, मान्सानं आत याव कुठून, तुमी तं दारातच मोटार बांधून ठेवली." गोठ्यातलं जनावर बांधतात तसं ती म्हणाली. नातीला लाज वाटली, ती आजीला ओढत होती, "चाल ना आजी, दुसरीकडं पाहू." त्या दिवशी ती थांबली, गुंडही घेतला. पण तिच्या आधी किती जणी "चाल दुसरीकडं" म्हणून गेल्या असतील ते मला कधी कळलंच नाही, कारण जी आत आलीच नाही ती दुकानदाराला दिसत नाही.

दिसत नाही हाच खरा मुद्दा आहे. काउंटरवरून आपल्याला दारातली मोटार दिसते आणि त्या मोटारवाल्यानं दिलेली मोठी नोट आठवते. पायी आलेली बाई सव्वाशे रुपयाचा तवा घेऊन जाते, ती लक्षात राहत नाही, पण ती दर पंधरा दिवसांनी येते. हे फक्त आपलंच असं नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहरात २००६ साली दुकानदारांना विचारलं होतं की तुमचं किती गिऱ्हाईक कारनं येते, ते म्हणाले ४१ टक्के. मग गिऱ्हाइकांनाच विचारलं तर निघाले २२ टक्के. त्याच दुकानदारांना वाटत होतं की अर्ध्या मैलाच्या आत राहणारं गिऱ्हाईक १२ टक्केच आहे, प्रत्यक्षात ते ४२ टक्के होतं. ऑस्ट्रियाच्या ग्राझ शहरात त्याच्या कितीतरी आधी हेच झालं, दुकानदारांचा अंदाज ५८ टक्के, खरे ३२. ती शहरं आपल्यासारखी नाहीत, तिथं घरोघरी कार आहे. तरी तिथल्या दुकानदाराचा अंदाज एवढा चुकते, तर आपल्याकडं जिथं घरोघरी कार नाहीच तिथं आपला किती चुकत असेल.

मेसेज म्हणतो: मोठ्या शहरांत पार्किंग काढली तिथं बाजार बसला.

कोणत्या शहरात ते लिहिलेलं नाही. मी एक नाव देतो. दिल्लीचा चांदणी चौक, लाल किल्ल्यापासून फत्तेपुरी मशिदीपर्यंत साधारण १.३ किलोमीटर, २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंद. तिथं व्यापाऱ्यांच्या तक्रारी झाल्या, विशेषतः दिवसा माल आणायच्या, आणि ती तक्रार मला खरी वाटते, म्हणून आपल्या प्रस्तावात सकाळी १० च्या आतली सूट आहे ती नीट पाळली गेली पाहिजे. पण लग्नाचे लेहंगे घ्यायला लोक अजूनही तिथंच जातात. पुण्यात लक्ष्मी रोडवर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, त्या दिवशी त्या पट्ट्यात गाड्या बंद, आणि लोक सहकुटुंब येतात. आणि इतकं दूर कशाला, नागपूरला इतवारीत किंवा बर्डीवर आपण स्वतः माल आणायला, लग्नाचा बस्ता बांधायला जातो ना, तिथं आपल्या दुकानासमोर गाडी लागते का? कुठंतरी दूर लावतो, ऑटो करतो, घामाघूम होऊन पायी फिरतो आणि तरी तिथूनच घेऊन येतो.

त्याच्याहीपेक्षा मोठा पुरावा आपल्या गावातच आहे आणि त्याच्याबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही. आपल्या मेन रोडवर वर्षात सगळ्यात जास्त धंदा कोणत्या दिवशी होते? पोळ्याच्या आधीचे दोन दिवस. रस्त्याच्या दोन्ही कडांना साजाची दुकानं लागतात, झुली, घुंगरं, मठाट्या, वेसणी, रंगाच्या पुड्या, दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल, आणि त्या दोन दिवसांत मेन रोडवर फोर-व्हीलर आत घुसूच शकत नाही. मी माझी कार त्या दोन दिवसांत घरीच ठेवतो, सगळेच ठेवतात. आणि त्या दोन दिवसांचा गल्ला काढून पाहा. पुरणपोळीच्या निमित्तानं पातेलं, पुरणयंत्र, चाळणी, कास्तकाराच्या हातात पैसा नसला तरी सणाला भांडं घेते माणूस. दिवाळीच्या आधीच्या बाजारात तेच. दर शुक्रवारी थोडंफार तेच. आपल्या गावात ज्या दिवशी गाडी लावायला अजिबात जागा नसते त्याच दिवशी आपलं दुकान सगळ्यात जास्त चालते, हे तीस वर्षं पाहून मला कधी सुचलं नाही याचं वाईट वाटते.

मेसेज म्हणतो: मैदान दूर आहे, एवढं कोण चालणार.

मी मोजलं. मैदानाच्या फाटकापासून माझ्या दुकानापर्यंत ३४० पावलं. गांधी चौकाच्या टोकाच्या दुकानापर्यंत पाचशेच्या थोडं वर. एसटीतून उतरलेली बाई यापेक्षा जास्त चालते आणि ती रोजच चालते, डोक्यावर ओझं घेऊन चालते, तिच्यासाठी आजपर्यंत कोणीच मेसेज फिरवला नाही.

पण या मुद्द्यात खरं आहे तेवढं खरंच आहे आणि ते सोडून द्यायचं नाही. लग्नाचा सेट घेतला, पाच भांड्यांचा नाही, रुखवताचा पूर्ण, तर तो ३४० पावलं कोणी नेणार नाही. पाय दुखणारं म्हातारं माणूस, गरोदर बाई, दवाखान्यात आणलेला पेशंट, यांना दारापर्यंत गाडी आली पाहिजे. उतरवून द्यायला, सामान टाकायला पाच मिनिटं गाडी थांबणं वेगळं आणि दिवसभर बांधून ठेवणं वेगळं, प्रस्तावात हा फरक स्पष्ट लिहिलेला नाही आणि तो लिहिलाच पाहिजे. दर पन्नास-साठ फुटावर एक जागा पिवळ्या पट्ट्यानं फक्त चढ-उतारासाठी ठेवली तर काम होते. जड सामान आम्ही दुकानदारांनीच हातगाडीवर पोराला देऊन मैदानापर्यंत पोहोचवायचं, आधी एसटीच्या टपावर चढवून देतच होतो ना, वडील तर कंडक्टरला सांगून यायचे की अमक्या फाट्यावर उतरवजो.

आणि मैदान आज जसं आहे तसं चालणार नाही, हे मी जोरात म्हणतो. पावसाळ्यात तिथं काळी माती, पाय रुतते, गाडीचं चाक रुतते. मुरूम टाकून दाबला पाहिजे. रात्री अंधार असते, एक लाइट आहे तोही बंद. आणि तिथं बायांसाठी संडास नाही. हा मुद्दा पार्किंगच्या भांडणात कोणीच काढून नाही राहिलं म्हणून मी काढतो: खेड्यावरून आलेली बाई सकाळी घरून निघते, पाणी प्यायचं टाळते, आणि दुपारी एकच्या गाडीनं वापस जायची घाई करते, त्याचं कारण पार्किंग नाही, त्याचं कारण हे आहे. बसस्टँडवरचं आहे त्याची अवस्था सगळ्यांना माहीत आहे. मेन रोडच्या जवळ एक स्वच्छ, पाणी असलेलं, कडी लागणारं बायांचं संडास झालं तर ती दोन तास जास्त थांबेल, आणि ते दोन तास आपल्या दुकानांतच जातील. माझ्या बायकोनं हे मला सांगितलं, ती म्हणाली, "तुम्ही गाड्यांचं भांडून राहिले, आमचं कोणी विचारते का?" व्यापाऱ्यांनी मिळून काही मागायचंच असेल तर हे मागा.

मेसेज म्हणतो: गिऱ्हाईक मॉलला जाईल, ऑनलाइन मागवेल.

ऑनलाइनवाला घरी बसून मागवते, त्याला आपल्या दारात पार्किंग असली काय न नसली काय. तो जाऊन राहिला तो भावामुळं आणि घरपोच मिळते म्हणून, त्याचं उत्तर वेगळं द्यावं लागेल. मॉलमध्ये जाणारा तळघरात गाडी लावून जेवढं चालते तेवढं आपल्या मैदानापासून चौकापर्यंतही नाही.

मेसेज म्हणतो: आधी हातगाड्या हटवा, खरी अडचण त्यांचीच आहे.

या ओळीचा मला राग आला. माझ्या दुकानासमोर एक ताई संत्री घेऊन बसते, सिझनमध्ये, मोर्शी-वरूडकडून माल येते, उन्हाळ्यात ती टरबूज विकते, एरवी भाजी. टोपलं आणि ताडपत्री मिळून तिला किती जागा लागते? पाच बाय चार. माझ्या कारला तेरा बाय पाच-सहा लागते. ती दिवसभरात पन्नास-साठ लोकांना थांबवते, त्यातले काही जण माझ्या दारातले गंज पाहतात. माझी कार कोणालाच थांबवत नाही. कोणामुळं रस्ता अडला याचं उत्तर फूटपट्टी लावून काढा, आणि मग ठरवा पहिले कोणाला हटवायचं. शिवाय तिला असंच हटवता येत नाही, २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा आहे, त्यात पथविक्रेता समिती नेमायची असते, तिच्यात निदान ४० टक्के फेरीवाल्यांचेच प्रतिनिधी पाहिजेत आणि त्यातल्या एक तृतीयांश बाया, आधी सर्व्हे करायचा, मग जागा ठरवायच्या. हातगाड्या नीट ओळीत लागाव्या, नाली तुंबू नये, हे मलाही पाहिजे आहे. पण आपली मोटार वाचवायला तिच्या पोटावर पाय द्यायचा, त्यात मी सही करणार नाही.

मेसेज म्हणतो: आम्ही टॅक्स भरतो, दुकानासमोरची जागा आमच्या हक्काची.

टॅक्स आपण गाळ्याचा भरतो, नालीच्या पलीकडच्या रस्त्याचा नाही. कुकर घेणारी बाई त्याच्यावर जीएसटी भरतेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ११७ मध्ये गाडी कुठं उभी करायची ते ठरवायचा अधिकार शासनाला किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याला दिला आहे, स्थानिक संस्थेशी बोलून, आणि कलम १२२ प्रमाणे अडथळा होईल अशी गाडी सोडून जाता येत नाही, कलम १२७ प्रमाणे ती उचलून नेता येते. दुकानासमोरची जागा दुकानदाराची असं त्यात कुठं नाही. मी वकील नाही, पण एवढं वाचता येते. आणि मागच्या उन्हाळ्यात १०८ ची गाडी आपल्याच पट्ट्यात अडकली होती, दोन्हीकडून गाड्या, मधात ट्रॅक्टर, आतलं माणूस कण्हत होतं आणि आपण सगळे दुकानातून बाहेर येऊन "काढा, काढा" ओरडत होतो. कोणाची गाडी कोणती हेच कोणाला कळत नव्हतं. त्या दिवशी हक्काचं कोणी बोललं नाही.

मेसेजच्या शेवटी लिहिलं आहे की विरोध न करणारा व्यापारी गद्दार. मी याच रस्त्यावर मोठा झालो, या गाळ्याच्या ओट्यावर बसून मी पाढे पाठ केले आहेत. या रस्त्याचं वाईट व्हावं असं मला वाटेल का, राजेहो? उलट मला भीती वाटते ती याची, की आपण गाड्यांच्या दोन भिंती करून ठेवल्या आणि मधातून लोक नुसते निघून जाऊन राहिले आहेत. तर्री-पोह्याच्या ठेल्यापाशी थांबणारा माणूस दोन दुकानं पाहून जाते, गाडीच्या काचेतून जाणारा काही पाहत नाही.

आजीच्या त्या शुक्रवारनंतर मी माझी कार मैदानात लावतो, सकाळी पायी येतो. पहिले चार-पाच दिवस रस्त्यात लोक विचारायचे, "काऊन भाऊ, गाडी बिघडली का?" आता विचारत नाहीत. आकड्यांवर पुन्हा गंज लटकवले आहेत. धंदा त्यानं दुप्पट झाला असं मी म्हणणार नाही, इतक्या लवकर काही कळत नाही, पण दारात माणसं उभी राहून राहिली आहेत, आणि बाजूच्या कापडवाल्या भाऊंनी परवा स्वतःहून विचारलं की मैदानात गाडी सेफ राहते का. मी म्हटलं राहते, पण रात्रीचा लाइट पाहिजे.

तर माझ्या सूचनांचा अर्ज मी लिहिला आहे. प्रस्तावाला पाठिंबा, पण चार गोष्टींसह: मैदानात मुरूम आणि दोन मोठे लाइट आधी, बंदी नंतर. चढ-उतारासाठी पिवळ्या पट्ट्याच्या जागा, आणि अपंग-म्हाताऱ्यांच्या गाडीला दारापर्यंत सूट. मेन रोडला लागून बायांचं संडास, पाण्यासह. आणि फेरीवाल्यांचा सर्व्हे करून त्यांना ओळीत जागा, हटवणं नाही. पहिले तीन महिने करून पाहा आणि मग सगळ्यांना परत बोलवा, हेही लिहिलं आहे.

अर्ज दुकानात काउंटरवर ठेवला आहे. ज्याला पटते त्यानं वाचून सही करावी, ज्याला नाही पटत त्यानंही यावं, बसावं, चहा घ्यावा आणि माझा हिशोब कुठं चुकला ते सांगावं. सकाळी साडेदहापासून मी दुकानातच असतो.